स्लॉट मशिनवर बसण्याआधी पैशांची पाकिटं: सोलापूरहून गोव्याला जाणाऱ्या नवख्यांसाठी

जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की आपण पोरांना घेऊन जातो. पाळणा, मौत का कुआँ, भजी, थोडी खेळणी, आणि घरी येईपर्यंत खिसा रिकामा. पाळण्याच्या तिकिटाचे पैसे परत मागायला कोणी जात नाही. स्लॉट मशिनचा (पैसे लावून बटण दाबलं की चित्रांची चाकं फिरवणाऱ्या यंत्राचा) खर्च याच खात्यात लिहायचा, ‘गुंतवणूक’ या खात्यात नाही. हे ज्याला मान्य नसेल त्याला पुढचा हिशोब उपयोगी पडणार नाही, कारण तो सगळा याच एका गोष्टीवर उभा आहे.

आधी कायदा, कारण बजेटच्या आधी जागा ठरते. महाराष्ट्रात पैसे लावून मशिन खेळायला परवानगी नाही. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. कॅसिनोला वाट करून देणारा १९७६ चा कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये तोही रद्द झाला. म्हणजे गल्लीतल्या ‘व्हिडिओ गेम’ पार्लरमध्ये पैशावर चालणारं मशिन दिसलं तर ते बेकायदाच. तिथे जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर तक्रार घेऊन जायला दारही नाही. मोबाइलवरचे पैशांचे खेळ संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने देशभर बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. राहिलं गोवा (पंचतारांकित हॉटेलांमधली मशिनं आणि पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी), दमण आणि सिक्कीम. सोलापूरकराला सोयीचं गोवाच. विजयपूर, बेळगाव, चोर्ला घाट असा रस्ता आहे आणि जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून विमानही सुरू झालं. आत जायला वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र खिशात हवं.

पहिली पायरी: आकडा घरी ठरवा, गोव्यात नाही

महिन्याच्या पगारातून किंवा धंद्याच्या गल्ल्यातून भाडं, हप्ते, किराणा, शाळेची फी, भिशीचा हप्ता आणि आजारपणासाठी बाजूला टाकायचे पैसे वजा करा. उरेल त्यातून हौसेसाठी किती काढता ते बघा. सिनेमा, हॉटेल, कपडे सगळं त्यात येतं. सहलीत खेळायचे पैसे एवढ्यातूनच निघाले पाहिजेत. भिशी लागली म्हणून, सोनं गहाण टाकून किंवा क्रेडिट कार्डावर खेळायला जाऊ नका. भिशी हा पुढच्या महिन्यांत फेडायचा पैसा असतो, बक्षीस नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यात जास्त घोळ याच पैशाचा होतो.

प्रवास, खोली, जेवण आणि परतीचं भाडं खेळाच्या आकड्यात धरू नका. परतीचं तिकीट सोलापुरातच काढून ठेवा. गाडीने जात असाल तर डिझेलचे पैसे गाडी चालवणाऱ्याकडे आधीच द्या आणि त्याला सांगा, ‘मी मागितले तरी देऊ नको.’

समजा सगळं वजा जाता खेळायला ६,००० रुपये निघाले आणि तुम्ही दोन संध्याकाळ राहणार आहात. मग रोजचे ३,०००. पुढची सगळी उदाहरणं या ३,००० वर.

दुसरी पायरी: खेळाचा खरा खर्च काढा

नवख्याला वाटतं की ३,००० घेऊन बसलो म्हणजे फार तर ३,००० चा खेळ. मशिन तसं मोजत नाही. ते उलाढाल मोजतं. जिंकलेलं क्रेडिट (मशिनवर तुमच्या नावे जमा दिसणारे पैसे) परत लावता तेव्हा त्याच रुपयावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कात्री चालते.

मशिनचा परतावा टक्क्यांत सांगतात. ९२ टक्के म्हणजे लाखो स्पिन्समध्ये (एक स्पिन म्हणजे एकदा बटण दाबून चाकं फिरवणं) लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले ९२ परत येतात आणि ८ घराकडे, म्हणजे कॅसिनोकडे, राहतात. अमेरिकेत नेव्हाडा राज्याने कायद्याने किमान ७५ टक्के ठरवले आहेत, न्यू जर्सीने ८३. आपल्याकडे मशिनवर हा आकडा लिहिलेला सापडेल असं धरून जाऊ नका. हिशोबाला ९२ घ्या, प्रत्यक्षात कमी असू शकतो.

सूत्र एकच: एका स्पिनचे पैसे × तासाला स्पिन × घराचा टक्का.

मशिनवर एक रुपयाचं क्रेडिट आहे आणि २५ ओळी (ज्यांवर चित्रं जुळली की बक्षीस मिळतं अशा रेषा) चालू आहेत, म्हणजे एक स्पिन २५ रुपये. बटण सलग दाबणारा माणूस तासाला आरामात ५०० स्पिन करतो. २५ × ५०० म्हणजे १२,५०० ची उलाढाल आणि त्याचे ८ टक्के म्हणजे १,०००. तासाला हजार रुपये, सरासरीने. हाच माणूस दर स्पिनला थांबून, चहाचा घोट घेत तासाला ३०० वर आला तर तोच तास ६०० रुपयांत पडतो. बजेट वाचवायची सगळ्यात सोपी युक्ती हीच आहे आणि ती कोणी सांगत नाही: हळू खेळा. ऑटो-स्पिनचं बटण असेल तर त्याला हात लावू नका. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर ऑटोप्ले बंद केलं आणि एका स्पिनला किमान अडीच सेकंद लागतील असा नियम केला, तो उगाच नाही.

सरासरी मात्र फसवी असते. परतावा ९२ टक्के असलेली दोन मशिनं अगदी वेगळी वागू शकतात. एक म्हणजे रोज थोडा थोडा गल्ला भरणारं किराणा दुकान, दुसरं म्हणजे प्लॉटची दलाली, महिनोन्‌महिने शुकशुकाट आणि मग एकदम मोठा आकडा. मोठं बक्षीस मिरवणारं मशिन बहुतेक दुसऱ्या जातीचं असतं. त्याच्यावर ३,००० वीस मिनिटांत संपणं ही बिघाडाची खूण नव्हे, त्याचा स्वभावच तो. वरती वाढत जाणारा जॅकपॉटचा आकडा फिरत असेल तर तुमच्या प्रत्येक स्पिनमधला थोडा भाग त्या हंड्यात जातो, आणि हंडा मिळवायला बऱ्याचदा सगळ्यात मोठी बोली (एका स्पिनला लावायचे पैसे) लावावी लागते. छोट्या बजेटने तिथे बसायचं नाही.

तिसरी पायरी: काउंटरवर एक प्रश्न विचारा

‘मी तीन हजार दिले तर मशिनवर किती क्रेडिट येईल?’

हा प्रश्न लाजून न विचारणारे बरेच फसतात. कॅसिनोत जमा केलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. तुम्ही दिलेल्या ३,००० मध्येच कर धरलेला असेल तर खेळायला उरतात ३,००० भागिले १.४, म्हणजे सुमारे २,१४३. पहिलं बटण दाबायच्या आधी साडेआठशे गेले. कोण हा भार गिऱ्हाइकावर कसा टाकतो, पॅकेजमध्ये किती मुरवतो हे जागेप्रमाणे बदलतं, म्हणून विचारायचं.

यातून आणखी एक धडा निघतो. नियमाप्रमाणे कर लागतो तो पैसे आत जाताना. पैसे न काढता जिंकलेल्या क्रेडिटवर पुढे खेळलात तर त्यावर पुन्हा लागत नाही. मध्येच सगळं कॅश करून, बाहेर फिरून येऊन पुन्हा क्रेडिट घेतलं तर पुन्हा कर. त्यामुळे सगळं कॅश करून उठायचं तर त्या दिवसापुरतं उठा.

बोटीच्या प्रवेशशुल्कात जेवण, पेयं आणि काही ‘वन टाइम प्ले’ चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) येतात. या चिप्स रोखीत बदलून मिळत नाहीत, एकदा लावायच्या आणि संपल्या. त्या मशिनवर चालतात की फक्त टेबलावर, हेही तिथेच विचारून घ्या. प्रवेशशुल्क हा करमणुकीचा खर्च आहे, ‘वसूल करायचं’ म्हणून त्यावर जास्त खेळू नका. जेवण मात्र पोटभर करा, ते तरी हमखास वसूल होतं.

चौथी पायरी: एका स्पिनची बोली ठरवा

ठोकताळा असा: एका बैठकीच्या रकमेत किमान २०० स्पिन बसले पाहिजेत. हातात २,१४३ चं क्रेडिट असेल तर बोली साधारण १० रुपयांची. २५ लावली तर जेमतेम ८५ स्पिन, म्हणजे पहिली वीस-पंचवीस स्पिन्स कोरडी गेली की घाम फुटतो आणि माणूस चुका करायला लागतो. १० रुपयांवर, तासाला ५०० स्पिन धरून, सरासरी खर्च ४०० येतो.

इथे शब्दांची एक गंमत लक्षात ठेवा. मशिनवर ‘एक रुपया’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तो एका क्रेडिटचा भाव. स्पिनचा भाव म्हणजे क्रेडिट × ओळी × ओळीमागे क्रेडिट. ५० ओळी, ओळीमागे २ क्रेडिट, म्हणजे ‘एक रुपयाचं’ मशिन एका बटणाला १०० रुपये घेतं. बसल्या बसल्या पडद्यावर ‘टोटल बेट’ कुठे दिसतं ते शोधा. ‘मॅक्स बेट’चं बटण बऱ्याचदा स्पिनच्या बटणाला चिकटून असतं, चुकून दाबलं की दहा-वीस पट बोली लागते आणि ती मागे घेता येत नाही.

पाचवी पायरी: पाकिटं

कागदी पाकिटं घ्या. एका दिवसाला एक. वर तारीख आणि रक्कम लिहा. आत फक्त नोटा. दुसऱ्या दिवसाचं पाकीट खोलीतच राहतं, खिशात नाही. यूपीआय आणि कार्डं हा बजेटमधला सगळ्यात मोठा भगदाडाचा भाग, कारण तिथे पैसे जाताना दिसत नाहीत. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमधून एटीएम आणि दुकानातला वापर बंद करा किंवा मर्यादा खाली आणा. ही सोय २०२० पासून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना द्यायला लावली आहे. प्रवासात अडीअडचणीला कार्ड लागेल, तर ते बरोबरच्या न खेळणाऱ्या माणसाकडे द्या. फोनवरची यूपीआयची रोजची मर्यादाही कमी करता येते.

चार मित्र मिळून जात असाल तर प्रत्येकाचं पाकीट वेगळं, आणि उसनवारी बंद. ‘दोन हजार दे बे, सकाळी देतो’ हे वाक्य आलं की त्या माणसाचं बजेट संपलेलं असतं. नाही म्हणायचं काम अवघड जातं, म्हणून गाडी सोलापुरातून निघायच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवून टाका की कोणी कोणाला देणार नाही.

घरी आकडा सांगून जा. बायकोला किंवा भावाला ‘सहा हजार खेळणार’ एवढं सांगितलेलं असलं की सातव्या हजाराला हात जरा थबकतो.

सहावी पायरी: मशिनसमोर

फोनवर ४५ मिनिटांचा गजर लावा. कॅसिनोत घड्याळ आणि खिडकी शोधून सापडत नाही. गजर वाजला की चालू स्पिन संपवून उठा, पाणी प्या, क्रेडिटचा आकडा वहीत किंवा फोनच्या नोंदीत लिहा. सुरुवातीचं क्रेडिट, आत्ताचं क्रेडिट, वेळ. तीन आकडे पुरे.

आता जरा जवळून बघा. २५ रुपयांचं बटण दाबलं. चाकं फिरली, थांबली. घंटा वाजली, दिवे लागले, पडद्यावर ‘विन १०’ असं नाचायला लागलं. तुम्ही हसलात. डाव्या कोपऱ्यातलं क्रेडिट बघा: मघाशी २,१४३ होतं, आता २,१२८. पंधरा रुपये गेले आणि मशिनने ते जिंकल्यासारखं साजरं केलं. जास्त ओळींच्या मशिनवर हा प्रकार सारखा होतो. म्हणून आवाजावर नाही, क्रेडिटच्या आकड्यावर नजर ठेवा.

दुसरा प्रकार ‘थोडक्यात हुकलं’. दोन सात आले आणि तिसरा अगदी रेषेच्या वर येऊन थांबला. मन म्हणतं, पुढचा नक्की. चाकं फिरतात तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी आकडे काढणाऱ्या प्रोग्रामने तो ठरवला. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत मिळालेलं पेटंट याच कल्पनेचं: दिसणाऱ्या चाकावर थोड्याच जागा असतात, पण आतल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक जागेला कमी-जास्त आकडे वाटून देता येतात. बक्षिसाच्या चिन्हाला कमी आणि त्याच्या शेजारच्या जागांना जास्त आकडे दिले की हुकलेलं दृश्य जास्त वेळा दिसतं. त्याचा पुढच्या स्पिनशी काही संबंध नसतो. त्यामुळे ‘हे मशिन तापलंय’, ‘याने बराच वेळ दिलं नाही, आता देणार’, ‘मी उठलो आणि शेजाऱ्याला लागलं’ यात तथ्य नाही. तुम्ही बसून राहिला असता तर बटण वेगळ्या क्षणी दाबलं असतं आणि निकालही वेगळा आला असता. मटक्यात आकड्यांचे तक्ते घेऊन बसणाऱ्यांची जी गत, तीच इथे.

बोली दुप्पट करत नेण्याचा ‘फॉर्म्युला’ कोणी सांगेल. २५ पासून दुप्पट करत गेलात तर सात स्पिन हरल्यावर गेलेले पैसे ३,१७५ होतात. दिवसाचं पाकीट संपलं, तेही पाच मिनिटांत. आणि स्लॉटमध्ये जिंकणं म्हणजे दामदुप्पट मिळणं असं नसतंच, त्यामुळे मागचं भरूनही येत नाही.

जिंकलात तर? सुरुवातीचं क्रेडिट दीडपट झालं की थांबायचं किंवा वरचं अर्धं कॅश करून बाजूला टाकायचं, असा काहीतरी नियम आधीच लिहून ठेवा. याने मशिनची टक्केवारी बदलत नाही, एवढंच होतं की उलाढाल कमी होते आणि जिंकलेले थोडे पैसे घरापर्यंत येतात. कॅश केलेले पैसे तिसऱ्या पाकिटात घालून ते चिकटवा. उघडायचं ते सोलापुरात.

दारू फुकट असते, तीही कॅसिनोच्या हिशोबातली. दोन पेग झाल्यावर २०० स्पिनचा ठोकताळा आठवत नाही. आधी खेळा, मग प्या, आणि पिल्यावर पुन्हा मशिनकडे जाऊ नका.

काही बारक्या गोष्टी. उठताना क्रेडिट मशिनमध्ये राहिलं का ते बघा, कॅश-आउट दाबून मिळालेली चिठ्ठी किंवा कार्ड त्याच दिवशी काउंटरवर वटवा. मशिन मध्येच अडकलं, पडदा गोठला तर काहीही दाबू नका, उठूही नका, कर्मचाऱ्याला बोलवा. मशिनवर बहुतेक असं छापलेलं असतं की बिघाड झाल्यास त्या खेळाचे सगळे पैसे रद्द. बोटीवरून किनाऱ्यावर यायला फेरी बोटीची वाट बघावी लागते. ही अडचण तुमच्या फायद्याची आहे: एटीएम शोधायला पळता येत नाही.

पाकीट लवकर संपलं तर

संपलं. त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबला. दुसऱ्या दिवसाच्या पाकिटातून उचलायला सुरुवात झाली की सगळी मांडणी ढासळते, कारण हरलेलं भरून काढायला खेळताना बोली आपोआप वाढते. हॉटेलच्या खोलीत जा, मिरामारच्या किनाऱ्यावर फिरून या.

एका सहलीत असं झालं तर चूक. पण ठरलेला आकडा दर वेळी मोडतोय, घरी खोटं सांगावं लागतंय, हप्ता चुकवून किंवा उसने काढून खेळतोय, न खेळल्यास चिडचिड होतेय, असं असेल तर बजेटचा तक्ता बदलून उपयोग नाही. खेळ बंद करायचा आणि १४४१६ वर फोन करायचा. ही सरकारची मानसिक आरोग्याची टेलि-मानस सेवा फुकट आहे.

गोव्याहून आल्यावर व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर ‘घरबसल्या तोच खेळ’ असे निरोप यायला लागतात. ठरलेला डाव असा: एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकायची फाइल) पाठवतात, पहिले ५०० रुपये खरंच काढू देतात, मग खात्यात मोठा आकडा दिसतो आणि तो काढायला ‘टॅक्स’ किंवा ‘व्हेरिफिकेशन’चे पैसे मागतात. तुमचं बँक खातं भाड्याने मागत असतील तर तो आणखी वाईट प्रकार, फसवणुकीचा पैसा तुमच्या नावावरून फिरतो आणि खातं गोठतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

शेवटी कर

जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तुमचं बाकीचं उत्पन्न कमी असलं तरी दर तोच. एका व्यवहारात १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के तिथेच कापून देतात, म्हणून पॅन कार्ड जवळ ठेवा आणि कापल्याची पावती मागून घ्या. हरलेले पैसे यातून वजा करता येत नाहीत. पहिल्या दिवशी ३,००० गेले आणि दुसऱ्या दिवशी एकदम १५,००० लागले, तरी कर पूर्ण १५,००० वर: ४,६८० रुपये. त्यातले ४,५०० तिथेच कापले जातात. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर ही कपात जमा दिसते का ते तपासा, आणि उरलेले १८० रुपये विवरणपत्र भरताना भरा.